नाव घातलेलं भांडं

कराडच्या पेठेत नानांचं भांड्यांचं दुकान आहे. वडिलांनी काढलं, नानांनी वाढवलं. तांब्या-पितळेची भांडी मागे सरली, स्टील आलं, त्यामागून नॉनस्टिक आलं. पण दुकानाच्या पायरीशी नावं घालणारा माणूस अजून बसतो. पूर्वी त्याच्या हाती पोलादी खिळा आणि हातोडी असे. टिंबाशेजारी टिंब ठोकत तो अक्षर उठवायचा. आता विजेवरचं यंत्र आहे, काम झटपट होतं. गिऱ्हाईक मात्र तसंच आहे. लग्नाचा आहेर असो, बारशाची वाटी असो की वास्तुशांतीचा डबा, पैसे मोजण्याआधी ते विचारतं, "नाव घालून मिळेल ना?"

अशा या नानांच्या घरात नातीच्या नावावरून पेच पडला, त्याची ही गोष्ट.

२०२४ च्या पावसाळ्यात नानांच्या मुलाच्या, मिलिंदच्या बायकोला, स्वातीला, मुलगी झाली. पहिलं बाळंतपण म्हणून ती माहेरी, पाटणला होती. फोन आला तेव्हा नाना एका गिऱ्हाइकाला हंडा वजन करून देत होते. तो तसाच काट्यावर ठेवून त्यांनी आधी शेजारच्या दुकानांत पेढे वाटले आणि संध्याकाळी पाटणला पोचताच जाहीर केलं, "आमची आई परत आली. नाव लक्ष्मी."

लक्ष्मी हे नानांच्या आईचं नाव. आईला जाऊन तीन-चार वर्षं झाली होती. दुकानाच्या पाटीवरही हेच नाव. वडिलांनी दुकान काढलं तेव्हा हौसेनं बायकोचं नाव घातलं होतं. त्यामुळे नानांच्या दृष्टीनं यात कुणाला विचारण्यासारखं काही नव्हतंच.

पण स्वातीचे वडीलही मनाशी एक नाव धरून बसले होते. सगळं पाटण त्यांना गुरुजी म्हणून ओळखतं. त्यांची बायको, उषाताई, आदल्याच वर्षी गेली. लेकीचं पहिलं बाळंतपण आणि घरात तिची आई नाही, हे दुःख त्या घरात सगळ्यांना जाणवत होतं. पाण्याच्या घंगाळापासून डिंकाच्या लाडवांपर्यंत सगळं मावशीनं केलं, पण प्रत्येक गोष्टीला कुणीतरी म्हणायचंच, "उषा असती तर..." गुरुजींनी ठरवलं होतं, मुलगी झाली तर उषा. नानांची घोषणा ऐकून ते त्या वेळी गप्प राहिले. पाहुणा घरी आलेला, त्यात मुलीचा सासरा. रात्री मात्र जावयाला अंगणात बोलावून म्हणाले, "मिलिंदराव, मी आजवर तुमच्याकडे काही मागितलं नाही. एवढं एक मागतो."

मिलिंद दोन्हीकडून अडकला.

बारसं बाराव्या दिवशी व्हायचं, ते लांबलं. आता सव्वा महिन्यानं बाळ-बाळंतीण कराडला आली की करू, असं ठरलं. मुदत वाढली तसे बोलणारेही वाढले. नानांच्या चुलतभावाचं म्हणणं, मूल वाढणार या घरात, तेव्हा नाव या घराचं. स्वातीच्या मावशीचं म्हणणं, नऊ महिने पोटात वाढवलं कुणी? गुरुजींनी एकदा फोनवर इतिहासाचा दाखला दिला. म्हणाले, "नानासाहेब, शिवरायांनी आपल्या मुलाला कुणाचं नाव दिलं? कनकगिरीला पडलेल्या थोरल्या भावाचं, संभाजीराजांचं. पुढे संभाजीराजांनी मुलाचं नाव शिवाजी ठेवलं, तेच आपले सातारचे शाहू महाराज. गेलेल्या माणसाचं नाव असं पुढे न्यायचं असतं." नाना म्हणाले, "बरोबर आहे गुरुजी. पण ती सगळी नावं भोसल्यांच्याच घरातली होती." यावर गुरुजींनी फोन ठेवला.

खरं तर आपल्या रीतीत एका बाळाला एकच नाव असतं असं कुठे आहे? जुन्या विधीत चार नावं सांगितलेली आहेत: कुलदेवतेवरून एक, महिन्यावरून एक, जन्मनक्षत्रावरून एक आणि व्यवहारात हाक मारायचं एक. ताटातल्या तांदळावर वडील ती अंगठीनं लिहितात. घरातल्या बाया त्यात आपापल्या आवडीची आणखी चार घालतात. मग भांडण होतं ते जागेसाठी नव्हे. भांडण होतं ते दाखल्यावर, शाळेच्या हजेरीत आणि लग्नाच्या पत्रिकेत कोणतं नाव येणार यावर. म्हणजे उरलेलं आयुष्य या मुलावर कुणाच्या घराची खूण दिसणार यावर. मी अशी भांडणं पुष्कळ पाहिली आहेत. त्यात ज्याचं नाव ठेवायचं त्या माणसाबद्दल कुणी चार वाक्यं बोलताना मात्र क्वचित ऐकलं आहे.

आणि नाव ठेवूनही ते हाकेत येईलच असं नसे. पूर्वी नातवाला आजोबांचं नाव हौसेनं ठेवत. पण सुनेनं सासऱ्याचं नाव उच्चारायचं नाही, म्हणून ती मुलाला बाळ म्हणे, आबा म्हणे, बापू म्हणे. ज्या आईनं ते नाव दिवसातून शंभरदा घ्यायचं, तिच्याच ओठांवर ते कधी आलं नाही. अशा कितीतरी माणसांची खरी नावं लोकांना त्यांच्या निधनाच्या बातमीत कळली.

मिलिंद आणि स्वातीनं त्यांच्या परीनं तोड काढून पाहिली. दोन्ही आज्यांच्या नावांतली अक्षरं जुळवून रात्री-रात्री फोनवर याद्या केल्या. एकही शब्द धड उभा राहिना. शेवटी स्वाती म्हणाली, "असलं नाव ठेवून आपण दोघींपैकी कुणालाच हाक मारणार नाही."

बारशाच्या आदल्या दिवशी मसूरहून काशीआत्या आल्या. या नानांच्या आत्या. वय ऐंशीच्या घरात, पाठ वाकलेली, आवाज मात्र अजून खणखणीत. पाटणहून गुरुजी आणि मावशी आले होते, सांगलीहून नानांची लेक विद्या आली होती; उद्या बाळाच्या कानात नाव सांगायचं काम तिचं. रात्रीची जेवणं झाली आणि विषय निघालाच. आवाज चढायला लागले. विद्या म्हणाली, "मला आत्ताच सांगा काय ते. उद्या पाळण्यापाशी बायका जमल्यावर हे नको."

काशीआत्या इतका वेळ बाळाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी नानांना विचारलं, "बाळ, लक्ष्मी हे नाव तुझ्या आईचं कधीपासून?"

"कधीपासून म्हणजे? आईचंच नाव ते."

"तुझ्या आजोबांनी सुचवलं आणि तुझ्या बापानं ताटातल्या तांदळावर लिहिलं. मी बारा वर्षांची होते, ताटाला हात लावून बसले होते. वहिनी उंबऱ्यावरचं माप ओलांडून आत आली तेव्हा ती सगुणा होती. तासाभरानं लक्ष्मी झाली. साखर वाटली, लोकांनी नवं नाव तोंडपाठ केलं, आणि पुन्हा तिला सगुणा म्हणून कुणी हाक मारली नाही. सुरुवातीला माहेरचे यायचे तेच काय ते म्हणायचे."

नाना साठी ओलांडलेले गृहस्थ. आईच्या मांडीवर वाढले, आईला अग्नी दिला, तिच्या नावाच्या पाटीखाली चाळीस वर्षं बसले. तिचं माहेरचं नाव त्यांनी त्या रात्री पहिल्यांदा ऐकलं.

"बरं, ते राहू दे," काशीआत्या म्हणाल्या. "तुला तिचं नाव ठेवायचंय. मग तिची एक गोष्ट सांग. पोरीनं उद्या विचारलं, माझं हे नाव का, तर तू काय सांगशील?"

नानांनी सुरुवात केली. आई फार कष्टाळू होती. फार मायाळू होती. देवधर्म करायची, आल्यागेल्याचं बघायची. एवढं सांगून ते थांबले. असं प्रत्येकाच्याच आईबद्दल सांगतात, हे त्यांचं त्यांनाच कळलं असावं.

"मी सांगते," काशीआत्या म्हणाल्या. "बहात्तरचा दुष्काळ. तू शाळेत होतास. मी बाळंतपणाला माहेरी आले होते. माण-खटावकडून, विट्याकडून माणसं येत होती. कुणी खडी फोडायच्या कामावर चाललेलं, कुणी पोरंबाळं घेऊन आणखी कुठं. सुकडी नि ती लाल मिलो खाऊन दिवस काढायचे. घरात विकण्याजोगं काय असणार? भांडी. ती घेऊन लोक आपल्या दुकानात यायचे, मोडीत घालायला. दादा वजन करायचा, मोडीचा भाव द्यायचा, आणि ढीग साठला की वितळवायला जायचा. त्यात त्याचं चुकत नव्हतं, धंदाच तो."

"दुपारी दादा जेवून आडवा व्हायचा, तेवढा वेळ वहिनी गल्ल्यावर बसायची. तिला वाचता येत होतं, माहेरी चौथी झालेली. एक बाई कळशी घेऊन आली. वहिनीनं ती हातात फिरवून नाव वाचलं. त्या बाईच्या आईचं होतं. आईनं लेकीला दिलेली कळशी. बाई पैसे घेऊन गेली, आणि वहिनीनं ती कळशी ढिगात टाकली नाही, माळ्यावर ठेवली. त्या दिवसापासून नाव घातलेलं एकही भांडं तिनं वितळवायला जाऊ दिलं नाही. प्रत्येकाला चिठ्ठी बांधायची. त्यावर वजन, दिलेले पैसे नि गावाचं नाव. आणि येणाऱ्याला सांगायची, पाऊस पडला की या, ज्या भावानं दिलं त्याच भावानं परत न्या."

"नाना, तुम्हाला हे माहीत नव्हतं?" मिलिंदनं विचारलं. नाना काही बोलले नाहीत.

"दादा चिडला. पैसे अडकून पडतात, म्हणाला. तेही खोटं नव्हतं. वहिनीनं हातातल्या पाटल्या काढून त्याच्यापुढे ठेवल्या. म्हणाली, ह्या गहाण टाका आणि तेवढ्याची भांडी माळ्यावर राहू द्या. मी तिला विचारलं होतं, वहिनी, एवढं काय गं त्या नावात? तेव्हा म्हणाली, माझं नाव एका दिवसात गेलं. ह्यांचं राहू दे."

बाळ जरा कुरकुरलं. काशीआत्यांनी त्याला थोपटलं आणि पुढे सांगितलं, की दुसऱ्या वर्षी पाऊस झाला, सुगी झाली, आणि लोक येऊ लागले. कुणी चिठ्ठीवरचे पैसे देऊन भांडं नेलं, कुणाचे थोडे कमी पडले तर वहिनी सोडून द्यायची. पाटल्या सुटायला मात्र चार वर्षं लागली. बरीच भांडी गेली. काहींचे मालक आलेच नाहीत. मेले, परगावी गेले, की लाजले, कुणास ठाऊक. ती भांडी वहिनीनं शेवटपर्यंत माळ्यावर ठेवली. दर दिवाळीला खाली उतरवून चिंचेनं घासायची, चिठ्ठ्या बदलायची, पुन्हा वर ठेवायची.

"ती भांडी कुठं आहेत रे बाळ?"

नानांनी मान खाली घातली. आई गेल्यावर वर्षाच्या आत त्यांनी माळा साफ केला होता. पितळेचा भाव चढा होता. चिठ्ठ्या सोडून टाकल्या आणि सगळी भांडी टेम्पोत घातली. आई दर दिवाळीला कसला हा पसारा काढते, एवढंच त्यांना आठवत होतं.

"त्यातच तिची स्वतःची घागर होती," काशीआत्या म्हणाल्या. "माहेरची. चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी सगुणा असं त्यावर घातलेलं. तेवढ्या एका जागी तिचं नाव होतं."

या गोष्टीत नानांना वाईट ठरवायचा माझा हेतू नाही. आईवर त्यांचं प्रेम होतं. रोज दुकान उघडल्यावर तिच्या तसबिरीला हार घातल्याशिवाय ते पहिला व्यवहार करत नसत. पण मान द्यायची आपली रीत अशीच झाली आहे. तसबीर पुसतो, पाटी रंगवतो, नातवंडाला नाव देतो, आणि त्या माणसानं जिवापाड जपलेलं काम अडगळ म्हणून काढून टाकतो. ते कुणी दुष्टपणानं करत नाही. ठाऊकच नसतं, म्हणून करतो.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग काशीआत्या गुरुजींकडे वळल्या. "आता तुम्ही सांगा, गुरुजी. तुमच्या मंडळींचं."

गुरुजींना सांगता आलं. उषाताई नर्स होत्या, कोयनेच्या खोऱ्यातल्या वाड्यावस्त्यांवर लसीची पेटी खांद्याला लावून जायच्या. ओढ्याला पाणी असलं की चपला हातात घेऊन पलीकडे जायच्या. कोणत्या वाडीत कुणाच्या पोराला कधीची लस राहिली आहे, हे वही न बघता सांगायच्या. बोलता बोलता गुरुजींचा आवाज गेला. पाणी पिऊन ते म्हणाले, "हे सगळं मी नातीला सांगणार आहे. पण नाव ठेवू नका. आज कळलं मला. मी उषा म्हणून हाक मारीन ती हिला नसेल, तिला असेल. पोरगी धावत येईल आणि माझ्या डोळ्यांत पाणी बघेल. तिनं काय म्हणून ते सोसायचं?"

हे बोलणं सोपं नव्हतं. पाटणहून निघताना त्यांनी चांदीच्या वाटीवर उषा हे नाव घालून आणलं होतं. ती वाटी पिशवीतच राहिली.

आता नानांनी बोलायचं होतं. ते म्हणाले, "लक्ष्मीही नको. मला हक्क नाही."

काशीआत्यांना हे पटलं नाही. "हक्काचं काय घेऊन बसलास? नाव कुणाच्या मालकीचं नसतं. ज्याचं नाव घ्यायचं तो माणूस आधी ठाऊक करून घ्यावा आणि त्यानं केलेलं थोडं तरी आपण करावं. एवढं केलंस की झालं."

या सगळ्यात ज्यांचं मूल त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. स्वाती उठून आत्यांच्या शेजारी येऊन बसली आणि बाळ आपल्याकडे घेतलं. म्हणाली, "आत्याआजी, सगुणा नाव ठेवलं तर चालेल? त्यांचं नाव पुसलं गेलं, ते आम्हाला चालवायचंय." मग वडिलांकडे बघून म्हणाली, "अण्णा, हिचा पहिला लसीचा डोस झाला ना, तो मी आईच्या जुन्या वहीत लिहून ठेवलाय. पुढचेही तिथेच लिहीन." गुरुजींनी मान हलवली. त्यांना एवढं पुरेसं होतं.

मिलिंद हसत म्हणाला, "शाळेत पोरं तिला जुन्या नावाची म्हणतील." स्वाती म्हणाली, "म्हणू देत. तिच्याजवळ सांगायला गोष्ट असेल."

दुसऱ्या दिवशी बारसं झालं. पाळण्याला झेंडूची माळ, खाली घुगऱ्यांची परात. बायकांनी रीतीप्रमाणे वरवंट्याला कुंची घातली, त्याला आधी पाळण्याखालून-वरून फिरवलं, मग बाळाला. विद्यानं बाळाच्या कानाशी कुर्र केलं, नाव सांगितलं आणि पाठीवर सगळ्यांचे धपाटे खाल्ले. सगुणा हे नाव ऐकून मसूरकडच्या दोन म्हाताऱ्यांनी एकमेकींकडे पाहिलं. त्यांना ते आठवत होतं.

नानांनी नंतर काय केलं, तेही सांगितलं पाहिजे. विकलेली भांडी परत येणार नव्हती. ती वितळून त्यांचं कधीच दुसरं काही झालं होतं. पण दुकानातला माळा त्यांनी पुन्हा मोकळा करून घेतला. आता कुणी नाव घातलेलं भांडं मोडीत आणलं, तर नाना ते आधी मोठ्यानं वाचतात. बहुतेकदा आणणाऱ्याला ते नाव कुणाचं हे सांगता येत नाही. नाना म्हणतात, घरी जाऊन विचारून या. वर्षभर इथंच ठेवतो, भाव हाच राहील. काही लोक हसतात आणि दुसऱ्या दुकानात जातात. काही जण खरंच विचारून येतात, आणि त्यातला एखादा भांडं परत घेऊन जातो. मोडीच्या धंद्यात नानांचं यामुळे नुकसान होतं. त्याबद्दल ते कुणाजवळ बोलत नाहीत.

दाखल्याचं काम मिलिंदनं केलं. जन्माची नोंद दवाखान्यातून वेळेत गेली होती, नावाची जागा तेवढी कोरी होती. तिथे आता सगुणा हे नाव आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आधी आईचं, मग वडिलांचं आणि मग आडनाव लिहायचं, असा राज्य शासनाचा निर्णय आहे. त्यामुळे सगुणापुढे स्वाती आहे आणि त्यापुढे मिलिंद.

तुमच्या घरी पाळणा हलणार असेल, तर घाई करू नका. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, पण नाव घालायला कायद्यानं १२ महिन्यांपर्यंत पैसे पडत नाहीत. तेवढ्या दिवसांत घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईजवळ जाऊन बसा. तिचं माहेरचं नाव काय होतं आणि तिच्या सासूचं काय होतं, ते विचारा, आणि तिनं सांगितलेलं त्याच दिवशी लिहून ठेवा.